सतरा नंबरचा खांदा

आंतिग्वा,
मंगळवार, १४ जानेवारी

प्रिय लिंदा,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तू आणि तुझ्या सासूबाई सुखरूप असाल असं धरून चालतो. तिकडे केत्साल्तेनांगोला यंदा अंगणातलं पाणीसुद्धा गोठतंय असं बसवाल्याकडून कळलं. लोकरीचे मोजे घालून झोपत जा. तुझे पाय लहानपणापासून बर्फाचे गोळे, हे मला कुणी सांगायला नको. एका गादीवर झोपून मी ते भोगलंय.

इकडे ठीक. तुझ्या घराची चावी माझ्याकडे आहे. दर रविवारी जातो, खिडक्या उघडतो, झाडून घेतो. लिंबाला यंदा एवढा बहर आहे की फांदी भिंतीपलीकडे गेली, आणि शेजारीण बापाचं झाड असल्यासारखी लिंबं तोडते. मी बघून न बघितल्यासारखं करतो. ख्रिसमसला पाठवलेला गोड पाव पोचला. दोन दिवसांत संपवला आणि पोच दिली नाही. रागावली असशील तर बरोबरच आहे.

अजून सुया टोचतेस ना लोकांना? बसवाला म्हणत होता, तुमच्या वरच्या आळीत दवाखाना ओस आणि तुझ्या दारात रांग. असणारच. तुझ्याएवढा हलका हात आख्ख्या आंतिग्वात कुणाचा नव्हता. सुई लागली कधी आणि निघाली कधी, माणसाला कळायचं नाही.

बरं, पुरे झाल्या गप्पा. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा फोन आला की "दुकानात गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवून देतो. गिऱ्हाईक नसतं, लिंदा. मी एकटाच असतो, आणि फोन ठेवल्यावर गुरांच्या खाद्याच्या पोत्यावर बसून राहतो. आज फोन न करता लिहायला घेतलं, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मला पळवाट मिळते. इथे पळवाट नको.

येत्या सव्वीस तारखेला, रविवारी, पालखी उचलणाऱ्यांच्या खांद्यांची मापं आहेत. लिसांद्रो वकिलाने, म्हणजे आपल्या बंधुमंडळाच्या अध्यक्षमहाराजांनी, तुला बोलावणं धाडलंच असेल. त्याच दिवशी प्रभूच्या पालखीच्या दांडीवर, सतरा नंबरच्या जागी, तुझ्या निकानोरच्या नावाची पितळी पाटी लावायची आहे आणि तिच्यावरचं कापड तू ओढायचं आहेस. 'प्रभूच्या भाराखाली देह ठेवला' असं कोरलंय. मी बघून आलो. अक्षर सुरेख आहे, पण मजकूर खोटा आहे.

त्या दिवशी तीनशे माणसांसमोर मी उठून बोलणार आहे. काय बोलणार ते तुला तिथे बाकावर बसून ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगतो. मी सत्तेचाळीसचा होतो. त्या वर्षी पहिल्या टप्प्याला, चर्चच्या दारापासून पहिल्या कोपऱ्यापर्यंत, पालखीखाली माझे गुडघे लटपटले. कुणाला दिसलं नाही, पण मला कळलं. आपल्या बापाने पासष्टाव्या वर्षापर्यंत तो टप्पा उचलला, आणि मी सत्तेचाळिसाव्या वर्षी म्हातारा? पोट सुटलेलं, जिना चढताना धाप, आणि रेबेकाच्या शेजारी आडवा झालो की नुसती झोप यायची. बायकोपेक्षा उशी प्यारी. हस, हस. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

माझं दुकान गुराढोरांच्या औषधांचं. शर्यतीच्या घोड्यांसाठी लोक एक इंजेक्शन मागायला यायचे. त्यातला एक घोडेवाला साठीचा, पण दंड माझ्या मांडीएवढे. मी म्हटलं, "आजोबा, खाता काय?" तो म्हणाला, "घोड्याला चालतं ते घोडेवाल्याला का नाही चालणार?" मी मोठ्याने हसलो. आठवडाभराने कपाटाची किल्ली काढली.

पहिले सहा महिने, खोटं का बोलू, स्वर्ग होता. पोट आत गेलं, झोप चार तासांत पुरी व्हायची, रेबेका लाजायला लागली. चौकातल्या बायका वळून बघायच्या. मग एका इंजेक्शनाची दोन झाली. घोड्याचं होतंच, माणसांचं टेस्टोस्टेरॉनही मिळायला लागलं. त्याने येणारी सूज उतरवायला आणखी एक गोळी, त्या गोळीने येणारी घबराट घालवायला दुसरी. पाठभर फोड. केस गेले. शर्ट मोठे घ्यावे लागले आणि आरशात मात्र मी दिवसेंदिवस बारीकच दिसायचो. राग तर असा यायचा की गिऱ्हाइकाने 'हे महाग आहे' म्हटलं तरी गळा धरावासा वाटे.

रेबेका का गेली, हे तू विचारलं होतंस आणि मी 'स्वभाव जुळले नाहीत' म्हणालो होतो. पंचवीस वर्षांनी स्वभाव जुळत नाहीत होय! मी तिच्यावर हात उचलला नाही. तिच्या डोक्याशेजारी दार होतं, त्यावर मूठ मारली. दाराला भोक पडलं. ती त्या भोकाकडे बघत राहिली आणि मग बॅग भरायला गेली. ते दार अजून तसंच आहे.

आता निकानोरचं. त्यानेही घेतलं. माझ्याकडून.

तो पन्नाशीला टेकला होता. पहिल्या टप्प्यातल्या जुन्या लोकांना हळूहळू मागच्या टप्प्यात सारायचं, असं मंडळात घाटत होतं. एका दुपारी दुकानात येऊन त्याने माझा दंड दाबून बघितला आणि म्हणाला, "मेहुणे, हे सगळं बीन्स खाऊन झालेलं नाही." मी सांगितलं. लपवायला हवं होतं, पण उलट मी मिरवलं. वर म्हणालो, "तुझ्यासाठी आणून ठेवू का?"

त्या वर्षीचं माप तुला आठवत असेल. मापं घेणाऱ्या फाउस्तीनोने काठी लावली, जमिनीपासून खांद्यापर्यंतचे सेंटीमीटर वाचले, डोळे चोळले आणि पुन्हा वाचला. एकशे सेहेचाळीसचा माणूस एकशे अठ्ठेचाळीस! पन्नाशीला लोकांचे खांदे उतरतात, याचा चढला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी 'चमत्कार' म्हणालं. निकानोर लाजला आणि त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. चमत्कार कसला, मानेपासून खांद्यापर्यंतचं मांस सुजून वर आलं होतं.

नियमाने त्याला उंच लोकांच्या रांगेत जायला हवं होतं. पण सतरा नंबर त्याच्या बापाचा. "मी हलणार नाही," म्हणाला, आणि लिसांद्रोने मान डोलावली. आता तूच सांग. आजूबाजूचे सगळे एकशे सेहेचाळीस आणि मधला एकच एकशे अठ्ठेचाळीस, तर दांडी कुणाच्या खांद्यावर बसणार? ज्याचा खांदा वर, त्याच्यावर शेजाऱ्याचाही भार. आपल्या बापाने आपल्याला पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं. मी त्याच्या मागे, एकोणिसावर होतो. दोन वर्षं माझ्या खांद्यावर दांडी नुसती टेकलेली असायची. मला बरं वाटायचं. विचार केला नाही.

मग तू एकदा दुकानात आलीस. डोळे सुजलेले. "चेंदो, खरं सांग, बाहेर कुणी बाई आहे का त्याची?"

"वेड लागलंय का तुला?"

"मग हे काय? बीन्सला मीठ कमी पडलं म्हणून मडकं भिंतीवर? माझा निकानोर, मुंगीला ओलांडून जाणारा माणूस!"

मी म्हणालो, "वय असतं एकेक. बायकांचं येतं तसं पुरुषांचंही येतं. जाईल." तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, "तू म्हणतोस तर जाईल." तू नेहमीच माझं ऐकायचीस. तेच नडलं.

उपवासाच्या काळातला पाचवा रविवार मी तुला सांगत नाही. तू फुटपाथवर होतीस, मी दोन जागा मागे होतो. पहिल्या कोपऱ्याआधी त्याचे गुडघे मोडले आणि दांडी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर पूर्ण वजनाने आली. तेव्हा कळलं, तो काय उचलत होता.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "हे काही घेत होते का?" मी म्हणालो, "नाही." हृदय मोठं झालं होतं, झडपा जाड झाल्या होत्या, असं ते म्हणाले. लोक म्हणाले, केवढं मोठं हृदय, म्हणून तर देवाने नेलं. मी तेही ऐकून घेतलं.

आणि ऐक. त्याला पुरून आलो त्याच आठवड्यात, सुतकात, मी स्वतःला सुई टोचली. व्यसन म्हणतात ते हे. दारुड्याच्या तोंडाला वास येतो, तो झोकांड्या खातो, लोक त्याला ओळखतात. माझ्याकडे बघून लोक म्हणायचे, "वा! तब्येत राखली आहे."

सोडलं त्याला तेरा महिने झाले. त्याआधी दोनदा सोडलं आणि दोनदा पुन्हा धरलं. सोडल्यावर अंगातलं सगळं निघून जातं. तीन महिने मी अंथरुणातून उठत नव्हतो. रेडिओवर साबणाची जाहिरात लागली तरी रडू यायचं. राजधानीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं बाहेरून आयतं मिळालं. तुमचं शरीर आता स्वतःचं बनवायचं विसरलंय. शिकेल, पण हळूहळू." त्यांच्याकडे दर गुरुवारी आम्ही आठजण बसतो. सगळे चाळिशी-पन्नाशीचे. एक शाळामास्तर आहे, एक फौजदार, एक नातवंडांचा आजोबा. बोलतो. तिथे मी निकानोरचं सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाला, "आम्हाला सांगणं सोपं आहे हो. आम्ही कोण तुमचे? गावात सांगा."

मी वर्षभर टाळलं. मग परवा उर्बानो शिंपी आला.

तू विचारशील, निकानोरला सुई कोण टोचायचं. सांगतो. आधी उर्बानोचं पुरं करू दे.

तो दुकानात शिरला आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी म्हटलं, "काय रे, मांजराला जंत झाले का?"

"चेंदो, मला ते दे."

"कोणतं?"

"सोंग करू नकोस. निकानोरला दिलंस ते."

मी हातातलं खाद्याचं माप खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्या झग्याने. मिरवणुकीचा त्याचा जांभळा झगा खांद्यात दोनदा उसवून मोठा केलाय मी. पन्नाशीचा माणूस पोटात वाढतो रे, खांद्यात नाही. चाळीस वर्षं लोकांची अंगं मापतोय, मला शिकवतोस?"

"उर्बानो, तो मेला त्याने."

"प्रभूच्या भाराखाली मेला! त्याच्या नावाची पाटी लागतेय. मी असा मेलो तर कोण पाटी लावणार? शिवणयंत्रावर?"

"अरे, अठ्ठावन्न वर्षांचा आहेस तू."

"म्हणूनच! किती टप्पे उरलेत माझे? लिसांद्रो म्हणतो, सतरा नंबर आता ज्याचा खांदा एकशे अठ्ठेचाळीस भरेल त्यालाच, निकानोरची आठवण म्हणून. मी सेहेचाळीस आहे. दोन सेंटीमीटर दे मला, चेंदो. फक्त दोन."

लिंदा, मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. जाताना तो म्हणाला, "तू नाही दिलंस तर बाजारामागच्या व्यायामशाळेत मिळतंय. बाकीचे तिथूनच घेतायत." त्या जागेसाठी अकरा जण रांगेत आहेत. अकराच्या अकरा आपल्या ओळखीचे, आणि त्यातल्या पाचजणांना पहिली बाटली मीच दिलेली. शेजाऱ्यांचा भार ज्याच्या एकट्याच्या अंगावर येतो ती जागा यांना बक्षीस म्हणून हवी आहे, आणि आता तिचं माप पितळेत कोरून कायमचं ठरवणार आहेत.

मी लिसांद्रोकडे गेलो. सगळं सांगितलं. तो चष्मा पुसत बसला. म्हणाला, "रोसेंदो, झाकली मूठ सव्वा लाखाची. निकानोर गेला तो गेला. त्याच्या बायकोचा विचार कर. तिच्याकडे आता तेवढंच आहे, की नवरा चांगल्या मरणाने गेला. तेही काढून घेणार का?"

त्या वाक्यावर मी उठून आलो, कारण ते खरं आहे. तुझ्याकडे तेवढंच आहे आणि मी ते काढून घेणार आहे.

आज इथेच थांबतो. दुकानासमोर बैल घेऊन कुणी आलंय. या खेपेला खरंच आलंय.


गुरुवार, १६ जानेवारी

लिंदा,

वरचं सगळं वाचून बघितलं. एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणणंही लबाडीच झाली. मी ती ठेवली होती.

निकानोर सुईला घाबरायचा. तुला माहीतच आहे. पालखी उचलणाऱ्या ऐंशी जणांत सगळ्यात आडदांड गडी, आणि सुई बघितली की ओठ पांढरे. पहिल्यांदा मी टोचली तर पोत्यांवर घेरी येऊन पडला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "मेहुणे, टोचायला मला लिंदाच हवी. तिच्या हाताची भीती वाटत नाही. पण तिला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

मी म्हणालो, "मग कळू द्यायचं नाही."

बाटल्या मी गरम पाण्यात भिजवल्या, लेबलं काढली आणि जीवनसत्त्वाची चिकटवली. कल्पना माझी. हातही माझे. दर महिन्याला तुझ्या स्वयंपाकघरात त्या मीच आणून दिल्या. एकदा तू विचारलंस, "हे तेलासारखं का रे जातंय? नेहमीचं लाल जीवनसत्त्व पाण्यासारखं जायचं." मी म्हणालो, "परदेशी आहे, पुरुषांसाठी वेगळं बनवतात." तू 'बरं' म्हणालीस. मग त्याला दुखू नये म्हणून तू बाटली कॉफीच्या गरम पाण्यात धरायला लागलीस. कोमट झाली की सुई हळू हळू, अगदी हळू द्यायचीस. एकोणीस महिने, दर शनिवारी.

मडकं फुटलं म्हणून तू रडत दुकानात आलीस ना, त्या दिवशी जाताना मी तुझ्याच पिशवीत नवी बाटली घातली होती.

आणि दवाखान्यात. डॉक्टरने विचारल्यावर मी 'नाही' म्हणालो, तेवढ्यावर ते मिटलं नव्हतं. तू पुढे झालीस. म्हणालीस, "काही नाही हो डॉक्टर, दर शनिवारी जीवनसत्त्वाची सुई असते फक्त. मीच देते, माझ्या हाताने." आणि माझ्याकडे वळलीस. "सांग ना रे, चेंदो."

मी मान हलवली. हो, जीवनसत्त्वाचीच, म्हणून.

म्हणून मी तुझा फोन ठेवतो. तुझा आवाज ऐकला की मला ते 'सांग ना रे' ऐकू येतं. आज सांगतोय, पण दोन वर्षं उशिरा.

सव्वीस तारखेला मी हे सगळं बोलणार. शेवटची बाटली मी ठेवली आहे, अर्धं लेबल सुटलेली, ती टेबलावर ठेवणार. स्वतःची सहा वर्षं सांगेन, पाचजणांना दिलं ते सांगेन, निकानोरला दिलं ते सांगेन. दुकानाला टाळं लागलं, मला मंडळातून हाकललं, पोलिसांनी नेलं, तरी चालेल. तुझं नाव घेणार नाही. 'मी टोचली' एवढंच म्हणेन. हे एक खोटं मी शेवटचं बोलेन, तुझ्यासाठी.

तुझी परवानगी मागत नाही. नको म्हणालीस तरी बोलेन, कारण या वर्षी सतरा नंबरखाली आणखी कुणीतरी उभा राहील आणि त्याच्या बायकोलाही लोक चांगल्या मरणाचे पेढे देतील. क्षमाही मागत नाही, मागायला तोंड नाही. यायचं की नाही ते तू ठरव. न आलीस तर पाटीवरचं कापड तसंच राहील याची मी काळजी घेईन.

मोजे घालत जा.

तुझा भाऊ, अजून काही दिवस तरी,
चेंदो


केत्साल्तेनांगो,
मंगळवार, २१ जानेवारी

रोसेंदो,

पत्र मिळालं. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही, हे बरं झालं. "काय लिहितो भाऊ?" म्हणून सारख्या विचारत होत्या. मी म्हटलं, लिंबाला बहर आलाय.

चार दिवस मी तुला काय काय म्हणाले ते कागदावर मावणार नाही. चुलीसमोर मोठमोठ्याने म्हणाले. शेजाऱ्यांना वाटलं, मी देवाशी भांडतेय.

एक विचारायचंय. बाटली मी कॉफीच्या पाण्यात कोमट करायची, हे तुला कसं ठाऊक? तू शनिवारी कधी घरी नव्हतास. म्हणजे निकानोरने सांगितलं. म्हणजे तुम्ही दोघं त्यावर बोलायचात. हसायचात का रे? त्याचं उत्तर नको मला. त्याच्याशी मी पुढे कधीतरी भांडेन. त्याच्याशी भांडायचं राहिलंच आहे, आणि तो मेला म्हणून मी त्याला सोडणार नाही. मडकंही त्याच्याकडून मागून घेईन.

सोमवारी कोपऱ्यावरची म्हातारी तिचं औषध घेऊन आली. मी बाटली तीनदा उजेडात धरली. लेबल नखाने खरवडून बघितलं. ती म्हणाली, "काय गं, बिघडलंय का?" मी बाटली तिला परत दिली. मी तिला दवाखान्यात पाठवलं. दारातली रांगही पाठवली. हलका हात म्हणतोस ना तू? आता तो मला उचलवत नाही.

तुला वाटलं, लिसांद्रोलाही वाटलं, की माझ्याकडे निकानोरचं चांगलं मरण तेवढं उरलंय. चांगलं मरण घेऊन मी काय करू? त्याच्याबरोबर भाजी आणायला जाता येत नाही. मला तो हवा होता, पोट सुटलेला, मागच्या टप्प्यातला, धापा टाकणारा. मी त्याला तसं कधी सांगितलं नाही. ती माझी चूक. बाकीची तुझी.

आता ऐक. पत्रात तू लिहितोस की माझं नाव घेणार नाहीस, मी टोचली म्हणशील, माझ्यासाठी म्हणून. कोण तू माझं नाव झाकणारा? एकदा लेबल बदललंस, तेवढं पुरे झालं. सुई माझ्या हातात होती. तू अर्धं सांगितलंस तर ते अकराजण अर्धंच ऐकतील आणि आपापल्या बायकांच्या हातात बाटल्या देतील. त्या बायकाही बाकावर असणार. त्यांना मीच सांगायला हवं. तेल असं हळू जात असेल तर हात थांबवा आणि विचारा, आणि भावाचं नाही, नवऱ्याचंही नाही, डॉक्टरचं ऐका. हे तुला सांगता येणार नाही. तू कधी कुणाला प्रेमाने सुई दिलेली नाहीस.

शनिवारच्या सकाळच्या बसने येतेय. स्टँडवर येऊ नकोस. माझ्या घराची चावी शेजारणीकडे ठेव, खिडक्या मी उघडीन. लिंबं तोडते तर तोडू दे.

रविवारी मी पहिल्या बाकावर असेन. पाटीवरचं कापड ओढणार नाही. ती बाटली आण आणि टेबलावर ठेवू नकोस, माझ्या हातात दे. तू आधी बोल. उभा राहून, सगळं, मोठ्याने. तुझं संपलं की मी उठेन.

त्यानंतर तू माझा कोण, ते मी रविवारनंतर ठरवीन.

निकानोरची बायको, त्याला सुई देणारी,
हेर्लिंदा